आधी वाचणारा

ठमीने हाक मारली तेव्हा त्याचं लक्ष मोबाईलवर होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. सकाळची घाईची वेळ. समोर दुधाचा कप, बशीत अर्धवट सोललेलं अंडं, आणि अंगठा आपला एकामागून एक निरोप मंजूर करत चाललेला. बायको न्हाणीघरात होती, नळ धो धो वाहत होता. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आवाज आला, ‘बा... बा... बा... बाबा, कप.’ मान वर न करताच त्याने कप तिच्याकडे सरकवला. कप सरकवून झाला, आणखी एक निरोप मंजूर झाला, आणि मग अंगठा थांबला. आपण आत्ता काय ऐकलं ते त्याला तेव्हा कळलं. त्याने झटकन वर पाहिलं. ठमी दूध पीत होती. कपाच्या कडेवरून तिचे डोळे त्याच्याकडे पाहत होते, अगदी निवांत. ओठांवर काही खूण नव्हती. खूण राहतही नसते.

मूल हाका मारतंच. बाप बघत नसला तर पुन्हा मारतं, आणखी मारतं, शेवटी रडकुंडीला येऊन ओरडतं. पण हाकांमध्ये मूल श्वास घेतं, आवाज चढत जातो. अडकणं वेगळं. अडकण्यात आवाज चढत नाही, तो दाराला डोकं लावून उभ्या असलेल्या माणसासारखा तिथल्या तिथे धडकत राहतो. हे दोन्ही त्याला झोपेतसुद्धा वेगळं ओळखता आलं असतं. जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं? पण ओळखायचं तर तोंड बघावं लागतं, ओठ मिटतात की नुसते हलतात, पापण्या फडफडतात का, हनुवटी पुढे येते का, हे बघावं लागतं. आणि तेवढंच त्याने केलं नव्हतं. तो कुणा अनोळखी माणसाचा ‘सर्वांना नमस्कार’ वाचत बसला होता.

‘कप हवा का अजून?’ त्याने विचारलं. ठमीने मान हलवली. मुलं मान हलवतात. ‘हे काय आहे?’ त्याने बशीकडे बोट दाखवलं. ‘अंडं,’ ती खणखणीत म्हणाली. त्याला धीर आला नाही. अ त्यालाही कधी अडला नव्हता. त्याला ओठ मिटून म्हणायची अक्षरं हवी होती, पण तो एखाद्या वकिलासारखा प्रश्न शोधत असतानाच बायको केस पुसत बाहेर आली आणि सकाळ पुन्हा पळायला लागली. ठमीचे बूट, ठमीची पिशवी, पाळणाघराची वेळ. त्याला बायकोला विचारायचं होतं, तू कधी ऐकलंस का? त्याने तोंड उघडलं. ‘तु... तु... तु...’ ‘तुझा डबा?’ बायको म्हणाली. ‘ठेवलाय पिशवीत.’ त्याने मान हलवली. प्रेमाची माणसं अशीच असतात, वाक्य पुरं करून देतात. आणि चुकीचं पुरं केलं तरी ते घेऊन माणसाला कामावर जावं लागतं.

लोक म्हणतात जिभेला हाड नसतं. त्याच्या जिभेला होतं. ते कधी कुठे आडवं येईल याचा नेम नसायचा. म्हणून तो लहानपणापासून वाटा काढत आला होता. एक शब्द अडणार असं वाटलं की दुसरा पुढे करायचा; ‘पाणी द्या’ म्हणता येणार नाही असं दिसलं की ‘जरा प्यायला द्या’ म्हणायचं, ‘पंधरा’ अडला तर ‘सोळा’ मागायचे. बसमध्ये स्वतःच्या थांब्याचं नाव जिभेवर येईना तर पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचं आणि मागे चालत यायचं. शाळेत हजेरीला तो ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी ‘आलो’ म्हणायचा. नवे मास्तर आले, म्हणाले, हजरच म्हणायचं. मग तो आख्खा महिना वर्गात असून गैरहजर राहिला. वाटा काढून काढून त्याच्या डोक्यात शब्दांचा एक भलामोठा साठा झाला होता. त्याच्या भाषेची तारीफ व्हायची. पण एका ठिकाणी साठा कामाला यायचा नाही. स्वतःचं नाव ही जगातली एकच गोष्ट, जिला दुसरा शब्द नाही.

आज बसमध्ये त्याने थांबाच चुकवला. तिकीट बरोबर काढलं होतं, बोटाने नकाशावर दाखवून; पण खिडकीच्या काचेवर त्याला सारखी ठमीची हनुवटी दिसत होती. ती चौथं वर्ष गाठत होती. याच वयात सुरू होतं. हे त्याला पुस्तकातून माहीत होतं आणि आईच्या तोंडूनही. आई सांगायची, तू तर पोपटासारखा बोलायचास रे, आणि एक दिवस कुणाची नजर लागली. नजर वगैरे काही नसते हे त्याने मोबाईलवरच्या आपल्या समूहात शेकडो लोकांना समजावून सांगितलं होतं. लहान मुलांमध्ये हे येतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं, घाबरू नका, मुलाला ‘सावकाश बोल’ असं टोकू नका, त्याच्याकडे बघा, त्याचं होऊ द्या. हे सगळं त्याने इतक्यांदा लिहिलं होतं की आता पहिला शब्द टाइप केला की मोबाईलच पुढचा सुचवायचा. त्यातलाच एक बारीक तुकडाही तो प्रामाणिकपणे लिहायचा: घरात आधी कुणाला असेल, तर शक्यता जरा जास्त. बस वळणावर कलली आणि तो तुकडा त्याच्या अंगावर येऊन पडला. घरात आधी कुणाला असेल. लिहिताना त्याला त्या वाक्यात कधी स्वतःचं घर दिसलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तो काचा घासायचा. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी बोलत, मागे तो, त्याचं दगडाचं चाक, चाकावर ठिबकणारं पाणी आणि काचेचा तो करकरीत आवाज. मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी होती. मालक तिच्यातून चौकट आणि नंबर आत सरकवत आणि काही विचारायचं असलं तर असं विचारत की उत्तर हो किंवा नाही एवढंच यावं. भला माणूस होता. त्याने स्वतः ही नोकरी काचांच्या आवडीने घेतली नव्हती, पण पुढे काचांची आवड लागली. काचेचा मध्य शोधून त्यावर शाईचा ठिपका द्यायचा, तो ठिपका डोळ्याच्या बाहुलीसमोर नेमका यावा अशी काच बसवायची. केसभर इकडेतिकडे झालं तरी माणसाला जिना तिरका दिसतो. आज त्याने एका काचेवर ठिपका दिला, आणि खिशात मोबाईल थरथरला, आणि त्याने तो काढला. हात ओले होते. रांगेत बरेच निरोप मंजुरीची वाट पाहत उभे होते.

ही रांग त्यानेच लावली होती. अडखळत बोलणाऱ्यांचा हा समूह त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू केला तेव्हा रांग नव्हती. कुणीही यावं, काहीही लिहावं. लिहिताना कुणाचंच अडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळे भराभर बोलत होते, एकमेकांचं तोडत होते, विनोद करत होते. मग एक टोळी घुसली. कुणाची तरी टवाळ पोरं असतील. ती नुसती ‘त त प प’ लिहायची, पानंच्या पानं. एका मुलीने, जी पहिल्यांदाच स्वतःबद्दल चार ओळी लिहून बसली होती, त्या पानांच्या मधोमध स्वतःच्या ओळी बघितल्या आणि ती पुन्हा कधी आली नाही. तिचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून समूहातला प्रत्येक शब्द आधी तो वाचायचा आणि मग इतर. लोक त्याला दादा म्हणत. नाव कुणी विचारलं नव्हतं. दादांचं लिहिणं इतकं सुरेख, इतकं सलग, की दादा आता बरे झालेत, असं लोक आपापसांत धरून चालले होते. तो तसं कधी म्हणाला नव्हता. पण नाही असंही म्हणाला नव्हता.

समूह वाढत गेला आणि रांगही. जाहिराती काढा, नवीन माणूस खरा की खोटा बघा, दोघं भांडले की दोघांना वेगळं घ्या, तोच प्रश्न पुन्हा आला की जुनं उत्तर शोधून द्या. सकाळी डोळा उघडला की रांग, जेवताना रांग, बसमध्ये रांग. मदतीला एकच माणूस होतं, गणिताच्या बाई. त्या कुठल्याशा शाळेत गणित शिकवत, फळ्यावर जास्त आणि तोंडाने कमी, असं त्यांनीच लिहिलं होतं. दोघांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकला नव्हता. गेल्या महिन्यात बाईंनी लिहिलं, दादा, हे असं चालायचं नाही, आपण समूहाची जागा बदलू, दुसऱ्या ॲपवर जाऊ. आणि कुठली जागा घ्यायची हे एकाच गोष्टीवरून ठरवू: रोज सांभाळायला किती वेळ लागतो. दिसायला कशी, लोक किती, सोयी काय, हे सगळं नंतर. आपण दोघं आहोत आणि दोघांनाही पोटापाण्याचं काम आहे.

एवढं शहाणपणाचं लिहिणं वाचून त्याला का कोण जाणे भीती वाटली होती. दोघांनी जागा पाहायला सुरुवात केली, भाड्याची घरं पाहावीत तशी. एक जागा होती तिथे प्रत्येक विषयाचा वेगळा कप्पा, जुनी उत्तरं हाताशी. त्याला ती फार आवडली, पण आठवडाभर चालवून पाहिल्यावर बाई म्हणाल्या, हे रोज झाडायचं घर आहे, लोक सगळं नको त्या कप्प्यात टाकतात आणि आपण उचलत बसतो. दुसऱ्या जागी यंत्रच सगळं वाचायचं. नको ते आपोआप काढायचं, माणसाने फक्त दिवसाकाठी एक नजर टाकायची. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थाने गमतीत लिहिलं, ‘प प प पोस्टात गेलो होतो’, आणि यंत्राने तो निरोप पुसून खाली शेरा मारला: निरर्थक मजकूर. म्हाताऱ्याला हसू आलं. त्याला आलं नाही. राहिली तिसरी. तिथे लिहायचंच नव्हतं. रोज संध्याकाळी एक खोली उघडायची, ज्याला यायचं त्याने यायचं, बोलायचं, ऐकायचं, तासाभराने खोली बंद. मागे काही उरत नाही, म्हणून वाचायला काही नाही, मंजूर करायला काही नाही. कुणी टवाळ आला तर एक कळ दाबून बाहेर. बाईंच्या हिशेबात या जागेचं काम सगळ्यांत कमी होतं. फक्त खोली उघडणाऱ्याने सुरुवातीला दोन शब्द बोलायचे. मी अमुक, या, बसा. आणि खोली दादांनी उघडायची, हे कुणी न सांगताच ठरून गेलं होतं. पहिली चाचणी आज संध्याकाळी होती.

तो महिनाभर कारणं देत आला होता. आवाजाला वेळ लागतो, काहींच्या घरी एकांत नसतो, बहुतेकांना भीती वाटेल. प्रत्येक कारण खरं होतं. त्यामागे जे होतं ते त्याने बाईंना लिहिलं नाही, स्वतःलाही धड सांगितलं नाही. पण ते सांगावं लागतही नव्हतं, स्वतःचं नाव मनात म्हणून पाहिलं की कळायचं.

आता ओल्या अंगठ्याने तो रांग पुढे सरकवत होता. एक जाहिरात, नाकारली. एक नोकरीच्या मुलाखतीचा किस्सा, मंजूर. मग एका नव्या माणसाचा निरोप आला. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याने लिहिलं होतं, परवापासून तो शब्दाच्या सुरुवातीला अडकतो. मी स्वतः अडखळत बोलतो. माझ्यामुळे झालं का? मी त्याच्यासमोर बोलायचं बंद करू का? कृपया कुणीतरी सांगा.

अंगठा हवेतच राहिला. हा असा प्रश्न त्याने किती वेळा मंजूर केला असेल आणि खाली लगेच, घाबरू नका, म्हणून लिहिलं असेल. आज त्याला वाटलं, हा निरोप बाहेर सोडला की तो खरा होईल. तो त्या शब्दांकडे बघत राहिला. परवापासून. माझ्यामुळे. त्याच्यासमोर बोलायचं बंद करू का? आणि मग त्याला दिसलं: त्याने ते कधीच बंद केलं होतं. ठमी जन्मल्यापासून तो घरात कमी बोलत आला होता. गोष्टी सांगायच्या त्या आईने. बाबा चित्रं दाखवायचा, घोडा व्हायचा, मान हलवायचा. ते प्रेम होतं असं तो समजत होता. तो तिच्यापासून स्वतःचा आवाज लपवत होता, घरातलं औषध मुलांच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवतात तसा. त्याने निरोप मंजूर केला नाही आणि नाकारलाही नाही. मोबाईल खिशात टाकला आणि चाक सुरू केलं.

दुपारभर तो निरोप रांगेत उभा होता आणि हे त्याला मांडीवर निखारा ठेवल्यासारखं जाणवत होतं. कुठेतरी एक बाप दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत असेल. त्याला स्वतःचे वडील आठवले. वडील रागीट नव्हते. तो बोलताना अडकला की ते कधी ओरडले नाहीत, कधी हसले नाहीत, त्याचा शब्द कधी तोडला नाही. ते फक्त नजर वळवायचे. खिडकीबाहेर, भिंतीवरच्या घड्याळाकडे, हातातल्या पेपराकडे. मुलाला ओशाळं वाटू नये म्हणून. त्याचा शब्द बाहेर पडला की ते पुन्हा त्याच्याकडे बघायचे, जणू आत्ताच खोलीत आले. त्यामुळे त्याला वडिलांचा चेहरा आठवायचा म्हटलं की आधी कान आठवायचा. केसाळ, मोठ्या पाळीचा, वाट पाहणारा उजवा कान. आज सकाळी टेबलापलीकडून ठमीला काय दिसलं असेल? त्याच्या डोक्याचा भोवरा. केस विरळ होत चाललेली टाळू. तिला तीच आठवणीत राहील.

करकर एकदम थांबली आणि खट् असा बारीक आवाज झाला. काच तडकली होती. बोटातून रक्त आलं, चाकावरच्या पाण्यात ते गुलाबी होऊन वाहून गेलं. मालकांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. लागलं का, त्यांनी विचारलं, फार लागलं का, घरी जायचंय का? सगळ्या प्रश्नांचं उत्तर हो किंवा नाही. त्याने हो म्हटलं. आज तो वेळेआधी निघाला.

पाळणाघरातून ठमीला घेऊन बायको आधीच घरी आली होती. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर बोलून बोलून तिचा घसा बसलेला असायचा आणि घरी आल्यावर ती पहिला अर्धा तास कुणाशी बोलायची नाही. लग्न ठरताना तिने हसत म्हटलं होतं, आपलं जमेल, तुला बोलायचं नसतं आणि मला ऐकायचं नसतं. ठमी आतल्या खोलीत ठोकळे रचत होती. बायकोने त्याच्या बोटावरची पट्टी पाहिली, काही न विचारता सोडली, धुतली, दुसरी बांधली. मोबाईल टेबलावर थरथरला. बाईंचा निरोप: सकाळपासून एका वडिलांचा प्रश्न अडकलाय, तुमच्या नजरेतून सुटला का? आणि संध्याकाळचं ठरलंय ना?

बायको पट्टीची गाठ मारत होती. त्याने मोबाईल पालथा केला.

‘ठ... ठ...’ तो म्हणाला आणि थांबला. बायकोने तोंड उघडलं, मग बहुतेक त्याच्या डोळ्यांत काही बघून मिटलं. शब्द यायला बराच वेळ लागला. ‘ठमी अडखळते का?’

बायकोने गाठ पुरी केली. कात्रीने टोक कापलं. ‘हो,’ ती म्हणाली.

नळ ठिबकत होता तो त्याला ऐकू आला. आतून ठोकळे कोसळल्याचा आवाज आला आणि ठमीचं हसणं. ‘कधीपासून?’

‘झाले काही आठवडे. रोज नाही. कधी होतं, कधी दिवसच्या दिवस नाही.’ ती बसलेल्या आवाजात बोलत होती. ‘तू घाबरशील म्हणून बोलले नाही. आधी वाटलं जाईल. मग वाटलं कुणाला तरी विचारावं. तुझ्या त्या लोकांना विचारणार होते, खोटं नाव घेऊन. लिहूनही काढलं होतं. तिथे सगळे इतकं छान सांगतात म्हणे.’

‘म... मग?’

‘मग काय? तिथे आधी तूच वाचतोस.’

ती हे चिडून म्हणाली नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं म्हणाली होती, ही गाडी इथे थांबत नाही. आणि म्हणूनच ते त्याला लागलं. टवाळांना बाहेर ठेवायला त्याने दाराशी जी खुर्ची टाकली होती, तिच्यावर तो वर्षानुवर्षं बसून होता, आणि त्याच दारापर्यंत येऊन त्याची बायको मागे फिरली होती. सकाळपासून जी भीती सैरावैरा धावत होती ती आता एका जागी येऊन उभी राहिली. कमी झाली नाही, पण तिला चेहरा मिळाला. त्याने मोबाईल सुलटा केला आणि तो अडकलेला निरोप मंजूर केला. खाली काही लिहायला गेला. मोबाईलने सवयीने शब्द पुढे केला: घाबरू. मग: नका. त्याने ते दोन्ही पुसले आणि लिहिलं, आज संध्याकाळी खोलीत या, बोलू.

दिवे लागायच्या सुमाराला त्याने खोली उघडली. खोली म्हणजे पडद्यावर छोटी छोटी वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक माणूस, चेहरा नाही. वर्तुळं वाढत गेली. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, पाठीशी भिंत घेऊन. बायको दारात उभी होती. त्याने कळ दाबली. आता त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. ‘मी,’ तो म्हणाला. मी सोपा होता. आणि मग नाव आलं.

नाव आलं नाही. जीभ टाळूला चिकटली. मान ताठ झाली, डावा डोळा मिटत गेला, ज्या पायाने तो लहानपणी जमीन बडवायचा तो पाय आपोआप हलायला लागला. इतकी वर्षं ज्याला लोक दादा म्हणत होते त्याच्या तोंडातून एक कोंडलेला, दबका आवाज येत होता, दुसरं काही नाही. एक वर्तुळ विझलं. मग आणखी एक. कुणीतरी निघून गेलं. त्याला वाटलं, आता सगळी जातील, आणि आपण थांबलो असतो तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण अडकल्यावर मागे फिरता येत नाही, हे न अडकणाऱ्यांना माहीत नसतं. पुढेच जावं लागतं. तो गेला. नाव आलं, तुकड्यातुकड्यांनी, मधलं अक्षर दोनदा. मग त्याने धाप लागल्यासारखं म्हटलं, ‘या. बसा.’

मग एका बाईचा आवाज आला, जाड, खर्जातला, ज्याची त्याने कधी कल्पना केली नव्हती. त्या म्हणाल्या, ‘द... द... दादा, मी गणिताची.’ आणि थोड्या वेळाने, खूप कष्टाने, ‘मला वा... वाटायचं, तुम्ही बरे झालात. मला तु... तुमची भीती वाटायची.’

तो हसला. हसू कधी अडत नाही. वर्तुळांतून आणखी कुणी कुणी हसलं. एकेक बोलायला लागले, फार हळू, एका वाक्याला एक बस येऊन जाईल इतकं हळू, आणि मधल्या रिकाम्या जागांत कुणी काही भरत नव्हतं. मग सकाळचा तो बाप बोलला. त्याचा आवाज कोवळा होता, पोरगेलासा. त्याने तोच प्रश्न विचारला, जो लिहिला होता, पण तोंडाने विचारायला त्याला कितीतरी वेळ लागला आणि शेवटी तो रडकुंडीला आला. सगळे दादांची वाट पाहत होते. त्याला ते सगळं पाठ होतं. बहुतेकांचं जातं. टोकू नका. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, ‘मा... माझीही मुलगी. आजच कळलं. मी घा... घाबरलोय.’ थांबला. ‘बोलायचं बंद करू नका. मी केलं होतं. त्याने क... काही थांबलं नाही.’ मग त्याने त्याला सांगितलं की या गोष्टीच्या तज्ज्ञ बाई असतात, मुलांशी खेळता खेळता तपासतात, आपण दोघंही जाऊ आपापल्या गावात, आणि काय म्हणाल्या ते इथे येऊन सांगू. हे सांगताना तो निदान सहा ठिकाणी अडला. दारात बायको ऐकत होती.

बाईंनी विचारलं, मग हीच जागा धरायची का? कामाच्या हिशेबाने बोलत होत्या की दुसऱ्या कशाच्या, ते आवाजावरून कळलं नाही. ‘हीच,’ तो म्हणाला. हजरमधलाच ह असूनही तो शब्द सरळ आला. असं कधी कधी होतं, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आवाज ऐकून ठमी आतून आली होती. बायकोच्या पायांमधून वाट काढून ती टेबलापाशी आली आणि त्याच्या मांडीवर चढली. बाबाच्या तोंडून एवढं बोलणं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, टक लावून. एक बोट तिने त्याच्या अजून थरथरणाऱ्या हनुवटीवर ठेवलं. मग ती काही म्हणायला गेली. तिचे ओठ मिटले. मिटले आणि मिटलेलेच राहिले. आवाज त्यांच्या मागे येऊन धडकला, ‘प्... प्...’, पापण्या फडफडल्या, गाल फुगले.

या खेपेस तो बघत होता. काही शंका उरली नाही. ही हाक नव्हती. हे तेच होतं, त्याचंच, त्याच्या अंगातून तिच्या अंगात गेलेलं. दारात बायकोने शब्द ओठांवर आणला होता. तिने तो गिळला. मोबाईलमधून कुणीतरी दादा, आहात ना, म्हणत होतं. त्याने तो हाताने दूर सारला, आणि ठमीच्या ओठांवरून नजर न हलवता बसून राहिला.

‘पुन्हा,’ ठमी म्हणाली.

‘काय पु... पुन्हा?’ त्याने विचारलं, आणि उत्तराला जेवढा वेळ लागणार होता, तेवढा त्याच्यापाशी होता.